विश्लेषण : निन्टेन्डोने सोनीचा हात सोडला नसता तर? कन्सोलयुद्धाचे खरे ‘पानिपत’ कोणते?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून मराठी माणूस ‘जर-तर’ची चर्चा झटकून टाकतो. आणि पुढच्याच क्षणी, पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, यावर तासभर बोलत बसतो. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती गोळी जराशी बाजूने जाऊ दिली आणि पुढचा सगळा इतिहास बदलून दाखवला. टीव्हीला जोडून खेळायच्या गेमिंग कन्सोलच्या जगातही अशीच एक ‘गोळी’ आहे, असे जगभरचे गेमर मानतात. जून १९९१ मध्ये शिकागोत निन्टेन्डोने सोनीला भर सभेत तोंडघशी पाडले. ते घडले नसते तर प्लेस्टेशन जन्मालाच आले नसते, हा या मंडळींचा लाडका सिद्धान्त. तो ऐकायला छान आहे. मात्र तपशिलात शिरले की गोळी दुसरीकडेच लागल्याचे दिसते.

ही चर्चा पुन्हा का?

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘हेलो’ या गेमच्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ वरही येणार असल्याचे जाहीर केले. ज्यांचा गेमिंगशी संबंध नाही, त्यांच्यासाठी या बातमीचे वजन असे : २००१ मध्ये एक्सबॉक्स बाजारात आला तो ‘हेलो’च्या जोरावर. दोन दशके ‘हेलो खेळायचे तर एक्सबॉक्स घ्या’ हेच त्या कंपनीचे मुख्य अस्त्र होते. तेच अस्त्र आता प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात विक्रीला ठेवले जाणार.

असे याआधी एकदा घडले आहे. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सेगाचा निळा सॉनिक हा निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावू लागला. तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला. ही वेळ टळली असती का? कुठल्या वळणावर?

शिकागोत नेमके काय झाले?

गोष्टीची सुरुवात एका अभियंत्यापासून होते. सोनीतल्या केन कुतारागी यांनी मुलीसाठी आणलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम पाहिला. खेळ मजेदार होता, पण आवाज अगदीच सुमार, असे त्यांचे मत झाले. सोनीतल्या बहुतेक वरिष्ठांच्या लेखी तेव्हा गेम म्हणजे पोराटोरांची खेळणी. त्यामुळे कुतारागींनी निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रासाठी ध्वनीची चिप तयार करण्याचे काम जवळपास गुपचूपच हाती घेतले. १९९० मध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉममध्ये हीच चिप होती. त्या काळातल्या गेमचे संगीत आजही लोकांच्या कानात आहे, त्याचे बरेचसे श्रेय या चिपला जाते.

दोन्ही कंपन्यांत १९८८ मध्ये आणखी एक करार झाला. सुपर फॅमिकॉमला सीडी ड्राइव्हची जोड द्यायची आणि त्याशिवाय कार्ट्रिज व सीडी दोन्ही चालवणारे स्वतंत्र यंत्र सोनीने स्वतःच्या नावाने विकायचे. त्या यंत्राचे नाव होते ‘प्ले स्टेशन’, दोन वेगळ्या शब्दांत.

जून १९९१ मध्ये शिकागोच्या ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने हे यंत्र जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोचे हॉवर्ड लिंकन व्यासपीठावर आले आणि सीडीसाठी आपण फिलिप्सबरोबर काम करणार असल्याचे त्यांनी सांगून टाकले. सीडीचे तंत्रज्ञान सोनी आणि फिलिप्सने मिळूनच जगाला दिले होते, म्हणजे भागीदार सोडून त्याच्याच भागीदाराशी सोयरीक. त्यात जपानी कंपनीने दुसऱ्या जपानी कंपनीचा शब्द असा परदेशी व्यासपीठावर मोडणे ही तिथल्या उद्योगजगतात जवळपास न ऐकलेली गोष्ट. सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा संतापले यात नवल नाही.

फिलिप्सच्या वाट्याला यातून आले काय, तर मारिओ आणि झेल्डाची पात्रे वापरून आपल्या सीडी-आय यंत्रावर गेम काढण्याची मुभा. त्यातून निघालेले गेम इतके वाईट होते की आज ते केवळ चेष्टेसाठी आठवले जातात.

पण निन्टेन्डोने असे का केले?

‘यामाउची लहरी होते’ हे उत्तर अनेकदा दिले जाते. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची हुकूमशाही वृत्तीचे होते हे खरेच. पण या निर्णयामागे लहर नव्हती, करारातली अट होती.

ती समजण्यासाठी कन्सोलचा धंदा समजून घ्यावा लागतो. कन्सोल हे यंत्र बहुतेकदा नफ्यासाठी विकलेच जात नाही. एपिक विरुद्ध अॅपल या अमेरिकेतल्या खटल्यात २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानेच साक्ष दिली की एक्सबॉक्सचे यंत्र विकून कंपनीने कधीही नफा मिळवलेला नाही. पैसा असतो तो गेममध्ये, आणि तोही फक्त स्वतःच्या गेममध्ये नव्हे. इतर कंपन्या या यंत्रासाठी जो जो गेम काढतील, त्याच्या प्रत्येक प्रतीमागे यंत्रवाल्याला वाटा द्यावा लागतो. थोडक्यात, कन्सोल म्हणजे रस्ता आणि परवाना शुल्क म्हणजे टोल. रस्ता तोट्यात बांधायचा, नाका आपल्या ताब्यात ठेवायचा.

१९८८ च्या कराराने या रस्त्याच्या दोन मार्गिका केल्या होत्या. कार्ट्रिजच्या मार्गिकेवर टोल निन्टेन्डोचा. सीडीच्या मार्गिकेवर टोल सोनीचा, कारण सीडीवरच्या गेमचे परवाने देण्याचा अधिकार सोनीकडे होता. ज्या दिवशी हा करार झाला, त्या दिवशी सीडीवर गेम ही दूरची गोष्ट होती. १९९१ उजाडेपर्यंत उद्याची सगळी वाहतूक त्याच मार्गिकेवरून जाणार हे कोणालाही दिसत होते. यामाउचींनी करार पुन्हा वाचला तेव्हा त्यांना काय दिसले असेल, हे सांगायला नको. त्यांचे जावई आणि अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना घेऊन लिंकन नेदरलँड्सला फिलिप्सकडे गेले, ते यानंतरच.

पद्धत निंद्य होती. असा करार मुळात सही केलाच कसा, हा त्याहून मोठा प्रश्न. पण तो मोडण्यामागचे गणित चुकीचे नव्हते.

हा टोलनाका आला कुठून?

इथे आणखी एक विस्मृतीत गेलेले ‘जर-तर’ आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या गावागावांत पोहोचतो.

जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम जपानमध्ये आला, तेव्हा जपानबाहेर तो विकण्याचे हक्क अमेरिकेच्या अटारीला देण्याची निन्टेन्डोची तयारी होती. बोलणी पुढे गेली होती. पण त्याच उन्हाळ्यात ‘डाँकी काँग’च्या हक्कांवरून वाद झाला, अटारीचे प्रमुख रे कासार पायउतार झाले आणि अमेरिकेतला गेमिंगचा बाजारच कोसळला. अटारीला १९८३ या एका वर्षात ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. करार राहून गेला. तो झाला असता, तर ‘निन्टेन्डो’ हे नाव अमेरिकेतल्या ग्राहकाला खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वाचायला मिळाले असते. कदाचित तेवढेही नाही.

अटारीच्या कोसळण्याला अनेक कारणे होती. त्यातले एक म्हणजे तिच्या यंत्राला कुलूपच नव्हते. कोणीही यावे, कार्ट्रिज बनवावे आणि विकावे. बाजारात रद्दी गेमचा ढीग साचला. निन्टेन्डोने यातून धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत यंत्र नेताना कंपनीने त्यात एक लहानशी चिप बसवली. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम सुरूच व्हायचा नाही. ती चिप फक्त निन्टेन्डोकडे. कार्ट्रिज बनवणार निन्टेन्डो, पैसे आगाऊ, आणि एका कंपनीने वर्षात किती गेम काढायचे हेही निन्टेन्डो ठरवणार. आधुनिक टोलनाका उभा राहिला तो असा.

गंमत म्हणजे जपानमधल्या मूळ फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हते. तैवान, हाँगकाँग आणि चीनमधल्या कारखान्यांनी नक्कल केली ती याच बिनकुलपाच्या यंत्राची. नव्वदच्या दशकात सोलापूर-नाशिकपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत ‘टीव्ही गेम’ किंवा ‘व्हिडीओ गेम’ म्हणून जे विकले गेले, ते बहुतांश हेच. त्यात घालायची ती पिवळी, काळी ‘कॅसेट’, तिच्यावर ‘९९९९ इन १’ अशी थाप, आणि गेम अडकला की ती काढून फुंकर मारायची. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळून मोठ्या झालेल्या एका अख्ख्या पिढीने निन्टेन्डोला कधी एक पैसा दिला नाही. अनेकांना तर हे नावही मोबाइल आल्यावर कळले. अधिकृत मार्गाने येऊ पाहणारेही होते. सेगाचे मेगा ड्राइव्ह भारतात आणले ते शॉ वॉलेसने, मद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने! पण आयात कर आणि नकली मालापुढे त्या काळी कोणाचाच निभाव लागणे कठीण होते.

आता मूळ प्रश्न. करार टिकला असता तर?

समजा, यामाउचींनी दात-ओठ खात का होईना, सही पाळली. ‘प्ले स्टेशन’ १९९२ च्या सुमारास बाजारात आले. पुढे काय?

प्रचलित कल्पनाचित्र असे : निन्टेन्डोचे गेम, सोनीचे तंत्रज्ञान, सेगाचा धुव्वा, एकच महाकन्सोल. मात्र त्या वेळचे एक खरेखुरे उदाहरण समोर आहे, ते या चित्राशी जुळत नाही. सेगाने आपल्या मेगा ड्राइव्हला सीडीची जोड दिलीच होती. मूळ यंत्र जवळपास तीन कोटी घरांत गेले. सीडीची जोड घेणारी घरे त्यातली २०-२२ लाख. ज्याच्याकडे यंत्र आहे तो पुन्हा तितकेच पैसे मोजून जोडयंत्र घेत नाही, आणि ते फार घरांत नसल्यामुळे कंपन्या त्यासाठी गेम काढत नाहीत. सुपर फॅमिकॉमचे मुख्य डोके तर त्रिमितीय चित्रांसाठी बनलेलेच नव्हते. सीडीत जागा भरपूर, पण त्या जागेचे करायचे काय? त्या काळातल्या बहुतेक कंपन्यांनी धूसर चित्रफिती भरल्या. त्याला गेम म्हणणे धाडसाचे.

शिवाय एका म्यानात दोन तलवारी. सीडीच्या प्रत्येक प्रतीचा टोल सोनीला जाणार असेल, तर यामाउचींनी मारिओ आणि झेल्डाला सीडीच्या वाऱ्यालाही उभे केले नसते. मारिओशिवायच्या निन्टेन्डो-यंत्राचे भवितव्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. १९९४ पर्यंत हे यंत्र जुने झाले असते. पुढच्या यंत्रावर नाका कोणाचा, यावर दोघांचे फाटलेच असते. फरक इतकाच की सोनीने तोवर तीन-चार वर्षे निन्टेन्डोच्या घरात राहून धंदा शिकून घेतलेला असता. म्हणजे शिकागोतला घटस्फोट टळला नसता, लांबला असता.

या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे, तो मान्य करायला हवा. सोनीतल्या बहुसंख्य वरिष्ठांना गेमच्या धंद्यात पडायचेच नव्हते. १९९२ च्या उन्हाळ्यातल्या बैठकीत कुतारागींनी स्वतंत्र यंत्राचा आग्रह धरला आणि झालेला अपमान गिळून बसायचे का, असा सवाल टाकला. ओगांनी परवानगी दिली. मग विरोधकांपासून वाचवण्यासाठी कुतारागींची पाठवणी सोनीच्या संगीत कंपनीकडे झाली. ओगांच्या डोक्यात शिकागोचा राग नसता तर ही परवानगी मिळाली असती का? अवघड होते. इतिहासात माणसाच्या रागालाही जागा असते. मात्र रागाने कंपनी धंद्यात उतरते. १० कोटींहून अधिक यंत्रे विकली जातात ती दुसऱ्याच कशाने.

मग खरी गोळी कोणती?

१९९१ चा विश्वासघात नव्हे. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी निन्टेन्डोने थंड डोक्याने, कोणाशीही न भांडता घेतलेला निर्णय : नव्या यंत्रातही कार्ट्रिजच वापरायचे.

प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आले. निन्टेन्डो ६४ जून १९९६ मध्ये. आकडे बोलके आहेत. एका सीडीत साधारण ६५० एमबी मावतात. ‘सुपर मारिओ ६४’ हा अख्खा गेम ८ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये होता. निन्टेन्डो ६४ चे मोठ्यात मोठे कार्ट्रिजही ६४ एमबीचे. म्हणजे सीडीच्या दहाव्या हिश्शाइतके. सीडी छापायला खर्च अत्यल्प आणि वेळ काही दिवसांचा. गेम खपला तर पुढच्या आठवड्यात आणखी प्रती काढा. कार्ट्रिज म्हणजे चिप. ती महाग, तिची मागणी काही महिने आधी नोंदवायची आणि पैसेही आधीच भरायचे. गेम पडला तर न विकलेल्या कार्ट्रिजचे खोके प्रकाशकाच्या गळ्यात. त्याच ढिगाऱ्याखाली लहान कंपन्या बुडत.

निन्टेन्डोची बाजू पूर्णपणे खोटी नव्हती. प्लेस्टेशनची ड्राइव्ह सेकंदाला साधारण ३०० केबी वाचायची आणि मुख्य मेमरी होती २ एमबी. ती एकदा भरायलाच सहा-सात सेकंद. पडद्यावरचे ‘लोडिंग’ हे अक्षर त्या पिढीच्या डोळ्यांसमोर कायमचे कोरले गेले. कार्ट्रिजला ही भानगड नाही. दुसरी भीती नकली प्रतींची. तीही खरी ठरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यंत्राला ‘चिप बसवून’ घेऊन नकली सीडी चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पण तिसरे कारण निन्टेन्डोने मोठ्याने सांगितले नाही आणि तेच निर्णायक असावे. कार्ट्रिज बनवण्याचा कारखाना हाच तर तिचा टोलनाका होता! सीडी कोणीही छापू शकते. कार्ट्रिज फक्त निन्टेन्डो.

शुल्क कमी, डिस्क स्वस्त, वागणूक बरी, अशी सोनीची हाक ऐकून एकेक प्रकाशक निघाला. नाम्को आधीपासूनच निन्टेन्डोच्या अटींवर नाराज होती. ‘रिज रेसर’ घेऊन ती पहिल्याच दिवशी प्लेस्टेशनवर हजर. सर्वात मोठा धक्का स्क्वेअरचा. ‘फायनल फँटसी’ची आधीची सगळी मुख्य रूपे निन्टेन्डोवर आली होती. सातवा भाग जानेवारी १९९७ मध्ये आला तो प्लेस्टेशनवर, तीन सीडींमध्ये. कार्ट्रिजमध्ये तो मावलाच नसता. ‘ड्रॅगन क्वेस्ट’वाल्या एनिक्सनेही तीच वाट धरली.

निन्टेन्डो ६४ ची विक्री ३.२९ कोटींवर थांबली. त्याआधीचे सुपर फॅमिकॉम ४.९१ कोटी होते. उशिरा सुचलेले शहाणपण म्हणून निन्टेन्डोने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये चुंबकीय डिस्कची जोड काढली. ती कोणी घेतली नाही. २००१ मध्ये गेमक्यूबला अखेर प्रकाशकिरणाने वाचायची डिस्क मिळाली, पण तीही खास निन्टेन्डोची, लहान आकाराची. सवय जाता जात नाही.

तेव्हा जर-तर करायचेच असेल तर ते असे करावे : १९९४ मध्ये यामाउचींनी फिलिप्स, मात्सुशिता किंवा आणखी कोणाकडून साधी सीडी ड्राइव्ह घेऊन नव्या यंत्रात बसवली असती तर? सोनीला विचारायचीही गरज नव्हती. स्क्वेअर आणि एनिक्स कदाचित गेल्या नसत्या. प्लेस्टेशन आले असते, विकलेही गेले असते, पण ‘सोनीचे आणखी एक उपकरण’ म्हणून. शिकागोत निन्टेन्डोने मित्र गमावला. कार्ट्रिजने तिचे गिऱ्हाईकच गेले, आणि इथे गिऱ्हाईक म्हणजे प्रकाशक.

सेगाला खरेच वाचवता आले असते?

सेगाच्या चाहत्यांइतकी जर-तरची सवय इतर कोणाला नाही. कारण तिथे सामग्री भरपूर आहे. सेगाच्या अमेरिकी शाखेचे तेव्हाचे प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे की सोनी आणि सेगाने मिळून एकच यंत्र बनवावे, तोटा वाटून घ्यावा आणि आपापल्या गेमचा नफा आपापल्याकडे ठेवावा, असा प्रस्ताव होता. तोक्योतल्या मुख्यालयाने तो उडवून लावला. सिलिकॉन ग्राफिक्सची चिपही आधी सेगालाच देऊ केली होती, असे तेच सांगतात. ती चिप पुढे निन्टेन्डो ६४ मध्ये गेली.

हे एका बाजूचे कथन आहे आणि पराभूत सेनापतीच्या आठवणीत मुख्यालय नेहमीच मूर्ख असते, हे लक्षात ठेवून ते ऐकावे. तरीही तोक्यो आणि अमेरिकेतली शाखा यांचे पटत नव्हते, याला पुरावा फार शोधावा लागत नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये सॅटर्न हे नवे यंत्र आले आणि त्याच महिन्यात अमेरिकेत जुन्या यंत्राला लावायचे ‘३२एक्स’ हे जोडयंत्र. एकाच कंपनीचे दोन माल एकमेकांच्या गिऱ्हाइकाला गोंधळात टाकत होते. मे १९९५ मध्ये लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात सेगाने सॅटर्न ‘आजपासूनच विक्रीला’ असल्याचे जाहीर केले, किंमत ३९९ डॉलर. गेम तयार नव्हते आणि ज्या दुकानांना माल मिळाला नाही ती दुखावली. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. कंपन्यांच्या भाषणांच्या इतिहासात इतके छोटे आणि इतके महागात पडलेले भाषण दुसरे सापडणे कठीण. महागात पडले, अर्थात, सेगाला.

सोनी-सेगाचे संयुक्त यंत्र आले असते तर सेगा आणखी काही वर्षे तगली असती. पण नाका एक आणि कंत्राटदार दोन, हा निन्टेन्डो-सोनीचाच पेच तिथेही उभा राहिला असता. सेगाचा शेवट एका चुकीने झाला नाही, त्यामुळे एक चूक पुसून तो बदलतही नाही. १९९८ मधले ड्रीमकास्ट उत्तम यंत्र होते, इंटरनेटची सोय अंगभूत होती. तोवर मात्र दुकानदार, प्रकाशक आणि गिऱ्हाईक या तिघांचाही विश्वास उडाला होता, आणि डीव्हीडी चालवणारे प्लेस्टेशन २ वेशीवर येऊन ठेपले होते. त्याची विक्री पुढे १६ कोटींवर गेली.

मायक्रोसॉफ्ट या खेळात आली असती का?

बहुधा नाही. दिवाणखान्यातला संगणक म्हणून प्लेस्टेशन २ घरोघरी जाईल आणि विंडोज अभ्यासाच्या खोलीतच राहील, या धास्तीतून एक्सबॉक्स निघाला. ‘हेलो’ तर १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी अॅपलच्या व्यासपीठावर मॅकचा गेम म्हणून दाखवला होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनीच विकत घेतली. सोनी नसती तर एक्सबॉक्स नसता आणि ‘हेलो’ आज कदाचित मॅकवरचा एक विसरलेला गेम असता. ही साखळी मात्र खरोखरच एका दुव्याने तुटली असती.

मोबाइलवर खेळणाऱ्याने हे का वाचावे?

कारण नाका आता त्याच्या खिशात आहे. फोनवरच्या गेममध्ये एखादे ‘स्किन’ घेतले की त्या पैशातला वाटा अॅपचे दुकान चालवणाऱ्या कंपनीकडे जातो. हा दर वर्षानुवर्षे ३० टक्क्यांपर्यंत राहिला आहे. एपिकच्या खटल्यात अॅपलने बचावासाठी दाखवले ते कन्सोलकडेच बोट : तेही इतकेच घेतात. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला प्ले स्टोअरच्या देयक धोरणावरून ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात २०२५ मध्ये तो २१६ कोटींवर आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या अटी जाचल्या तेव्हा स्क्वेअरला जायला दुसरे दार होते, आणि तेच दार उघडे असल्यामुळे पुढे निन्टेन्डोलाही नमते घ्यावे लागले. पुण्यात किंवा कोल्हापुरात चार मित्रांनी मिळून मोबाइल गेम काढला, तर त्यांच्यासमोर दारे दोनच, आणि दोन्हींचे दर जवळपास सारखे. एक्सबॉक्सने आपले गेम प्लेस्टेशनला देऊन स्वतःचा नाका सैल केला, तर टीव्हीपुढच्या गेमचेही असेच होण्याचा धोका आहे. निन्टेन्डो आपल्या वेगळ्या वाटेने जाईल. पण ज्याला महागडे, शक्तिशाली यंत्र हवे आहे त्याच्यापुढे सोनी आणि संगणक एवढेच पर्याय उरतील. ‘हेलो’ प्लेस्टेशनवर आल्याचा आनंद साजरा करणाऱ्यांनी किमतीच्या फलकाकडेही लक्ष ठेवलेले बरे.

त्या ‘प्ले स्टेशन’चे पुढे काय झाले?

निन्टेन्डो-सोनीच्या मूळ यंत्राचे काही नमुने तयार झाले होते. त्यातला एक २०१५ मध्ये अचानक उजेडात आला. एका दिवाळखोर कंपनीच्या सामानाच्या लिलावात इतर वस्तूंबरोबर तो ७५ डॉलरला विकला गेला होता. पिवळट पडलेले प्लास्टिक, वर सोनीचे नाव, कंट्रोलर निन्टेन्डोचा. २०२० मध्ये त्याचा पुन्हा लिलाव झाला, तेव्हा किंमत आली ३ लाख ६० हजार डॉलर. कार्ट्रिजचा भाग आधीपासूनच चालत होता. सीडीची ड्राइव्ह बंद होती, ती एका हौशी तंत्रज्ञाने २०१७ मध्ये दुरुस्त केली. चकती फिरू लागली. पण त्या ड्राइव्हमध्ये घालायला निन्टेन्डोने किंवा सोनीने एकही गेम कधी बाजारात आणलेला नव्हता.